काचेवर चिकटवलेले पेपर

गेल्या एप्रिलात चार दिवस बहिणीकडे बेळगावला जाऊन आलो. (१ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी त्याचं नाव बेळगावी झालं, पण आमच्या घरात अजून बेळगावच म्हणतात, तेव्हा इथेही तेच.) भाची तिथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करते. कॉलेजचं नाव लिहीत नाही. एकाच कॉलेजची ती गोष्ट असती तर लिहिण्याचं कारणच नव्हतं.

"मामा, आमची नवी बिल्डिंग बघायला ये की," असं ती दोन दिवस म्हणत होती. गेलो. चार मजली 'सायन्स अँड टेक्नॉलॉजी ब्लॉक'. रस्त्याच्या बाजूला वरपासून खालपर्यंत निळी काच, काच नाही तिथे चकचकीत अॅल्युमिनियमची पॅनेलं. रस्ता पश्चिमेला, म्हणून इमारतीचं तोंडही पश्चिमेला. बाहेरून पाहिलं तर एखाद्या मोबाईल कंपनीचं ऑफिस वाटावं. दुपारचे साडेतीन वाजले होते. तिसऱ्या मजल्यावर रसायनाची प्रयोगशाळा आहे, तिथे गेलो आणि दारातच थबकलो. त्या सगळ्या निळ्या काचेवर आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. मराठी, कन्नड, मधे एखादं इंग्रजी. सीमाप्रश्न पेटलेला असताना दोन्ही भाषांचे पेपर इतक्या गुण्यागोविंदाने शेजारी शेजारी मी दुसरीकडे कुठे पाहिले नव्हते. पेपरांनी उजेड अडवला म्हणून भर दुपारी सगळ्या ट्यूबलाइट चालू. आणि तरीही उकाडा असा, की मुलं ब्युरेट वाचायच्या आधी कपाळावरचा घाम पुसत होती.

ए.सी. मंजूर आहेत म्हणे. पण तेवढा वीजभार वाढवून मिळालेला नाही.

त्याच आवारात मागे जुनी इमारत आहे. जाड भिंती, मंगळुरी कौलं, समोर लांबलचक व्हरांडा. मुलं जर्नल लिहायला तिथे जाऊन बसतात. तिथल्या शिपायाने मला स्टूल दिलं आणि म्हणाला, "हितं बसा साहेब. वर नुसती भट्टी हाय." पंखा नव्हता. तरी तिथून उठावंसं वाटेना.

आता या विषयावर मी का लिहावं? मी बी.ए. मराठी. इमारतशास्त्राचा माझा अभ्यास शून्य. पण सरकारी कचेरीत इतकी वर्षं टेबलावर बसून एक गोष्ट पाहिली आहे, ती म्हणजे इमारत जन्माला कशी येते. आर्किटेक्टच्या कागदावर ती फार थोडा वेळ असते. तिचं बहुतेक आयुष्य फायलीत जातं. एस्टिमेट, टिपण, हरकत, खुलासा, सुधारित एस्टिमेट, मंजुरी, टेंडर. तिथे तिच्या अंगावरचं एकेक उपयोगी कापड काढलं जातं आणि शेवटी ती उन्हात उघडी उभी राहते. हे मी आपल्या गोव्यातलं सांगतो आहे, पण मेव्हण्यांशी बोललो तेव्हा कळलं की घाटावरची फाईलसुद्धा याच वळणाची असते.

आणि बेळगावच्या कॉलेजबद्दल गोंयकाराने का बोलावं, असं कोणी विचारील तर त्याला आपल्या आजोबांच्या पिढीची आठवण करून द्यावी लागेल. मुक्तीपूर्वी ज्यांना मराठी-इंग्रजीतून पुढे शिकायचं होतं त्यांच्यातल्या कितीतरी जणांना बेळगाव हेच जवळचं ठिकाण होतं. मुरगावहून सुटलेली गाडी दूधसागर, कॅसलरॉक करत लोंढ्याला पोचायची आणि तिथून बेळगाव. १९५५ च्या नाकेबंदीत ती वाट बंद झाली तरी लोक या ना त्या वाटेने गेलेच. पणजीचं धेंपे आणि मडगावचं चौगुले ही कॉलेजं सुरू झाली १९६२ साली, मुक्तीनंतर. टिळकवाडीतल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयाचं नाव सावंतवाडीच्या राणीसाहेबांचं. पु. ल. देशपांडे काही काळ तिथे प्राध्यापक होते, हे तर मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आजही आपली मुलं तिथे इंजिनिअरिंगला जातात, मेडिकलला जातात. शनिवारी संध्याकाळी चोर्ल्यातून येणारी कदंबा बघा, निम्मी बस विद्यार्थ्यांची असते. तेव्हा ती मुलं कसल्या खोलीत बसून शिकतात, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे. उन्हाळ्यात एप्रिल आणि मेचे थोडे दिवस सोडले तर हवा अशी, की आपल्याकडून घामाघूम होऊन गेलेला माणूस रात्री पांघरूण मागतो. इंग्रजांनी छावणीसाठी ही जागा निवडली ती काही उगाच नव्हे. कॅम्प भागातून फिरताना अजूनही जुने बंगले दिसतात. उंच छत, उतरती कौलं, चहूबाजूंनी व्हरांडा, भिंतीत वर गरम हवा जायला झरोके. इंग्रजांना इथलं ऊन सोसत नव्हतं म्हणून त्यांनी उन्हाचा अभ्यास केला. आपल्याला ते सोसतं असं आपण धरून चाललो, म्हणून अभ्यास सोडून दिला असेल का, कोण जाणे.

निपाणीकडे गेलात तर पाऊस कमी होतो, ऊन थोडं करडं होतं. पण तिथेही डोकं होतं. निपाणी तंबाखूची पेठ. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांचं जे आंदोलन झालं त्यामुळे हे नाव महाराष्ट्रभर झालं. तिथल्या जुन्या वखारी मी पाहिल्या आहेत. तंबाखू फार सुकून चालत नाही आणि ओलावून तर अजिबात चालत नाही. म्हणून जाड भिंती, उंच आढं, वारा खेळेल पण ऊन थेट आत येणार नाही अशी रचना. विड्यांचा तो व्यापार आता पूर्वीसारखा राहिला नाही. त्यातली एखादी वखार एखाद्या कॉलेजने घेतली तर सभागृह नाहीतर ग्रंथालय सहज होईल. नवी बांधावीच लागत नाही अशी इमारत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पर्यावरणस्नेही. (पहिली दोनतीन वर्षं पुस्तकांना तंबाखूचा वास येईल. आमचे एक सर वर्गात तपकीर ओढायचे, त्यांच्या वह्यांना यायचा तसा.) तंबाखूला जपण्यासाठी माणसांनी इतका विचार केला, आणि रसायनशास्त्राच्या पोरांसाठी मात्र निळी काच!

काचेचं नेमकं काय होतं ते भाचीनेच मला समजावलं. उन्हाचा उजेड काचेतून आरपार येतो. तो आतल्या ओट्यांवर, फरशीवर, माणसांवर पडून उष्णता होते आणि ती उष्णता मात्र काच तशी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून आतून पेपर चिकटवून उपयोग थोडा, कारण ऊन तोवर घरात शिरलेलं असतं. अडवायचं तर ते काचेच्या बाहेरच अडवलं पाहिजे. आमच्या आईला हे शाळेत न जाता माहीत होतं. ती पडवीला बाहेरून किंतान लावायची.

बेळगाव साधारण १५.८५ उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो, आणि डिसेंबरात दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर दिसतो. याचा हिशेब कागदावर मांडला तर असं निघतं, की दक्षिणेच्या खिडकीवर चार फुटांचा छज्जा काढला तर डिसेंबरच्या दुपारीसुद्धा जवळजवळ पाच फूट उंचीची खिडकी सावलीत राहते. उत्तर-दक्षिण बाजू अशा सहज सांभाळता येतात. खरा शत्रू पश्चिम. तिथे सूर्य खाली उतरून तिरका येतो आणि कुठलाही छज्जा त्याला पुरत नाही. म्हणून इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवायची, खिडक्या उत्तर-दक्षिणेला काढायच्या आणि पश्चिमेच्या अंगाला माणसांच्या खोल्याच ठेवायच्या नाहीत. तिथे जिना ठेवा, स्वच्छतागृहं ठेवा, सामानाची खोली ठेवा. भौतिकशास्त्रात प्रकाशाच्या प्रयोगांना अंधारी खोली लागते, तीही तिथेच चालेल. भिंत तापली तर तापू दे, तिथे तीन तास कोणी उभं राहणार नाही.

पण प्लॉटचं तोंड रस्त्याला आणि रस्ता पश्चिमेला, मग? मग दर्शनी बाजूला जाळीची भिंत करता येते, व्हरांडा काढता येतो, झाडं लावता येतात. रस्त्यावरून दिसणारी बाजू म्हणजे काचच, हे कुठल्या शास्त्रात लिहिलं आहे?

विज्ञानाच्या इमारतीत आणखीही एक गंमत आहे जी कला शाखेच्या इमारतीत नाही. रसायनाच्या प्रयोगशाळेत विषारी वाफा ओढून बाहेर टाकणारं कपाट असतं, फ्यूम हूड म्हणतात त्याला. ते खोलीतली हवा सतत बाहेर फेकतं. त्या खोलीत ए.सी. लावला तर पैसे मोजून थंड केलेली हवा तेच कपाट बाहेर काढून टाकणार. उलट संगणकाच्या खोलीला थंडावा खरोखरच लागतो, कारण यंत्रं स्वतःच तापतात. म्हणजे जिला ए.सी. हवा अशी खोली एका कोपऱ्यात, उत्तरेच्या बाजूला, नीट बंद करून ठेवायची आणि बाकी इमारत वाऱ्यावर सोडायची. आपल्याकडे मात्र खर्चाच्या पत्रकात 'संपूर्ण इमारत वातानुकूलित' असं लिहिलं, की बैठकीत माना डोलतात.

पाण्याचंही तसंच. डिस्टिल्ड वॉटर करण्याच्या यंत्रात एक लिटर शुद्ध पाणी मिळवताना ते थंड करायला वापरलेलं कित्येक लिटर चांगलं पाणी सरळ मोरीत जातं. त्याला एक नळी जोडून ते टाकीत घ्यायचं, बस्स. बेळगावात वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर पाऊस पडतो असं धरू. एक हजार चौरस मीटरच्या छपरावर तो बारा लाख लिटर होतो. पाचवा हिस्सा वाया गेला तरी साडेनऊ लाख उरतात, म्हणजे दहा हजार लिटरचे नव्वदच्या वर टँकर. सगळं साठवायला टाकी पुरणार नाही हे खरं, पण उरलेलं विहिरीत सोडता येतं. या गावाला विहिरी नव्या नाहीत. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं तेव्हा आलेल्या लोकांना पाणी पुरावं म्हणून टिळकवाडीत मोठी विहीर खणली होती. ती काँग्रेस विहीर आजही आहे. आपण गोंयकार म्हादईच्या एकेका थेंबासाठी कर्नाटकाशी भांडतो, आणि ते भांडण माझ्या मते रास्तच आहे. पण मग छपरावरचं पाणी गटारात सोडणाऱ्या इमारतींबद्दल दोन्हीकडे कोणीच का बोलत नाही? पणजीतसुद्धा तेच चाललं आहे.

आता बांधायचं कशाने ते. ज्याला घाटावर जांभा म्हणतात ते आपले चिरे. फ्रान्सिस बुकानन या इंग्रज कंपनीच्या डॉक्टराने मलबारात लोक हा दगड जमिनीतून विटेसारखा कापून काढताना पाहिले आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला 'लॅटराइट' नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लाटेर' म्हणजे वीट. भट्टी न लावता मिळणारी वीट. बेळगाव, खानापूरच्या पठारांवर तो आहे. पण चिरा म्हणजे सोवळा दगड असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे बेकायदा चिरेखाणी कशा उघड्या टाकल्या जातात आणि पावसाळ्यात त्यांत पोरं कशी बुडतात, ते आपण पेपरात वाचतो. तेव्हा चिरा घ्यायचा तर खाण कोणाची, परवाना आहे का, आणि खड्डा कोण बुजवणार हे आधी विचारावं.

दुसरं म्हणजे खानापूर. कौलांसाठी आणि कुंभारकामासाठी हे गाव जुनं प्रसिद्ध. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थासुद्धा तिथेच आहे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि या किनाऱ्यावरच्या घरांचं डोकंच बदललं. आता चार मजली इमारतीवर कौलारू छप्पर कसं चालेल, असं वाटेल. पण लॉरी बेकर यांनी केरळात दाखवून दिलं की कौल स्लॅबमध्येही घालता येतं. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट नुसतं वजन वाढवतं, ताकद तिथल्या लोखंडाची असते. म्हणून तिथे मधे मधे कौलं ठेवून वर काँक्रीट ओतायचं. सिमेंट वाचतं, वजन घटतं आणि कौलांच्या मधल्या पोकळीने उष्णताही कमी उतरते. त्यांच्या उंदीरसापळा बांधणीत, म्हणजे विटा उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवण्याच्या पद्धतीत, सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात. तिरुवनंतपुरमची सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही अख्खी संस्था त्यांनी अशी बांधली, आणि ती शिक्षणसंस्थाच आहे.

आणि हे सगळं केरळातूनच आणायला हवं असंही नाही. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९७४ साली अमूल्य रेड्डी यांनी 'अस्त्र' नावाचा गट सुरू केला. तिथे साध्या मातीत थोडं सिमेंट मिसळून, यंत्राने दाबून, न भाजता विटा करण्यावर वर्षानुवर्षं काम झालं. म्हणजे कर्नाटकाच्याच राजधानीत, कर्नाटकाच्याच मातीवर. आता यातली मजा बघा. राज्यातल्या बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांचा अभ्यासक्रम ठरवणारं विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ १९९८ पासून बेळगावातच आहे. पर्यायी बांधकाम साहित्य हा विषय सिव्हिलच्या मुलांना शिकता येतो. ती मुलं बेकर वाचतात, मातीच्या विटांवर उत्तरं लिहितात. बसलेली कुठे असतात, ते आपण वर पाहिलंच.

यावर हुशार माणूस म्हणतो, की हल्ली हरित इमारतींना प्रमाणपत्रं मिळतात, तारे मिळतात. मिळतात खरे. 'ग्रिहा' या आपल्या देशी मानांकनाचे पहिले पाच तारे मिळाले ते आयआयटी कानपूरच्या पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकी केंद्राला, म्हणजे एका विज्ञानाच्याच इमारतीला. चांगली गोष्ट झाली. पण कानपूरला उन्हाळ्यात लू चालते आणि हिवाळ्यात हाडं गोठतात, म्हणून तिथे जमिनीखालून हवा फिरवण्यासारखे उपाय करावे लागतात. बेळगावच्या हवेला एवढं काही नको. तिला सावली द्या आणि वाट मोकळी ठेवा. मला भीती अशी वाटते, की आपण कानपूरची यंत्रं घेऊ, वर काच तशीच ठेवू आणि दारात पितळी पाटी लावू.

कॉलेजांमध्ये पाटीचं काम नॅकच्या फायलीत होतं. नॅकच्या सातव्या निकषात पर्यावरणाबद्दल प्रश्न असतात, हरित लेखापरीक्षण असतं. फाईल मी पाहिली आहे, आपल्याकडच्या एका कॉलेजची. रोप लावताना पाहुणे, रोपाला पाणी घालताना पाहुणे, सौर दिव्याखाली पाहुणे. इमारतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे, हा प्रश्न त्या फायलीत मला कुठे सापडला नाही.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट सांगतो, कारण मुळात तेवढ्यासाठीच लिहायला बसलो. इमारत बांधायचा पैसा एका हेडखाली येतो आणि तिचं वीजबिल दुसऱ्या हेडखाली भरलं जातं. पहिला हेड बघणारा अधिकारी वेगळा, दुसरा बघणारा वेगळा. एस्टिमेट जास्त झालं म्हणून परत आलं, की पहिली कात्री छज्जावर पडते, मग व्हरांड्यावर, मग पावसाच्या पाण्याच्या टाकीवर. त्याने जे चार-पाच टक्के वाचतात त्याचं श्रेय पहिल्याला मिळतं. पुढची चाळीस वर्षं पंख्यांचं, ट्यूबलाइटचं आणि ए.सी.चं बिल दुसरा भरतो. दोघांची गाठ कधी पडत नाही, आणि पडली तरी तोवर एक निवृत्त झालेला असतो. या चाळीस वर्षांचा हिशेब मांडायला एस्टिमेटच्या नमुन्यात रकानाच नाही. एक साधा रकाना.

दुसरी अडचण दरसूचीची. साहित्याचा आणि कामाचा दर दरसूचीत असला की टिपण सरळ जातं. नसला, की कोटेशनं मागवा, दराचं पृथक्करण करा, वरच्या अभियंत्याची मंजुरी घ्या. कौलं घातलेला स्लॅब सुचवणाऱ्या तरुण इंजिनिअरच्या वाट्याला तीन महिन्यांची पायपीट येते. काचेची भिंत सुचवणाऱ्याच्या वाट्याला काहीच येत नाही, पुरवठादार तयारच असतो. त्यात केंद्राचा पैसा आला, पूर्वी २०१३ पासून रुसा होतं, २०२३ पासून पीएम-उषा आहे, तर त्याचं विनियोग प्रमाणपत्र वेळेत द्यायचं असतं. मार्च आला की चिऱ्याला, कौलाला आणि विचाराला वेळ नसतो. आर्किटेक्टची फी बहुधा खर्चाच्या टक्केवारीवर ठरते, तेव्हा स्वस्त बांधून त्याला काय मिळणार? यात कोणी चोर नाही. प्रत्येकजण नियमाने वागतो आणि मुलं घामाने भिजतात. मी स्वतः अशा टिपणांवर सही केलेली आहे.

निपाणीजवळ तर याचं मोठं मजेशीर रूप दिसतं. देवचंद कॉलेज निपाणीचं म्हणून ओळखलं जातं, पण ते उभं आहे अर्जुननगरात, कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. विद्यापीठ कोल्हापूरचं. गावातली कॉलेजं कर्नाटकात, त्यांचं विद्यापीठ २०१० पासून बेळगावचं राणी चन्नम्मा. मधे चालत जाण्याएवढं अंतर. ऊन तेच, माती तीच, गवंडीही तेच, सकाळी इकडे आणि दुपारी तिकडे कामाला जाणारे. पण दरसूच्या दोन, मंजुऱ्या दोन, खाती दोन. या पट्ट्यात फलकावर कोणती भाषा किती टक्के असावी यावर माणसं रस्त्यावर उतरतात. मी मराठीच्या बाजूचा आहे, ते लपवत नाही. पण फलक ज्या भिंतीला लागतो ती भिंत कशाची असावी, याबद्दल दोन्ही सरकारांचं इतकं एकमत कसं, याचं मला नवल वाटतं.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. मेव्हण्यांच्या ओळखीचे एक निवृत्त प्राचार्य म्हणाले, "अहो, पालक काच बघून अॅडमिशन घेतात. कौलारू वर्ग दाखवला तर शेजारच्या कॉलेजात जातात." हे खोटं नाही. मीही भाचीसाठी कॉलेज निवडताना माहितीपुस्तिकेतली चकचकीत चित्रंच पाहिली होती. त्यांचा दुसरा मुद्दा देखभालीचा होता आणि तो मला जास्त पटला. कौलं माकडं फोडतात, झरोक्यातून धूळ येते, आणि सूक्ष्मदर्शकाला धूळ चालत नाही. उघड्या, हवेशीर इमारतीला माणूस लागतो. चार्ल्स कोरियांची कला अकादमी घ्या. हवामानाला धरून इमारत कशी असावी याचा धडा म्हणून जगभरचे आर्किटेक्ट ती बघायला येतात. आणि जुलै २०२३ मध्ये दुरुस्तीचं काम चालू असतानाच तिच्या खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. चांगली इमारत मिळाली म्हणजे झालं असं नाही, हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला कळणार? म्हणून मी म्हणतो, बांधकामाच्या मंजुरीतच दरवर्षीच्या देखभालीची रक्कम बांधून टाका, म्हणजे कौल फुटलं तर दोनशे रुपयांसाठी टिपण फिरायला नको. सूक्ष्मदर्शकाची खोली बंद ठेवा, कोण नको म्हणतो? एका खोलीसाठी चार मजले कशाला बंद करायचे!

परतायच्या आदल्या रात्री मेव्हणे म्हणाले, "तुम्ही कचेरीतले, तुमचं लिखाण त्यांना समजेल. पालकांच्या वतीने एक अर्ज लिहून द्या." जेवणं झाल्यावर लिहायला बसलो. फार मागितलं नाही. पश्चिमेच्या काचेला बाहेरून जाळी किंवा बांबूचे पडदे बसवावेत. तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला उत्तरेला सामानाची मोठी खोली आहे, तिची आणि प्रयोगशाळेची अदलाबदल करावी, नळ आणि गॅसची जोडणी सुट्टीत होईल. डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्राचं वाया जाणारं पाणी गच्चीवरच्या टाकीत घ्यावं. आणि नव्या वसतिगृहाचा नकाशा चालू आहे असं ऐकतो, तो पालकांना एकदा दाखवावा. मराठीत लिहिला, मेव्हण्यांच्या शेजाऱ्यांनी त्याचं कन्नड करून दिलं, दोन्ही प्रती जोडल्या.

अर्जाला आवक क्रमांक मिळाला आहे. भाची म्हणते, पावसात काचेवरचे पेपर ओल धरून सुटले होते, ते दिवाळीनंतर मुलांनी पुन्हा नवे चिकटवले. तिची प्रॅक्टिकल परीक्षा एप्रिलात आहे आणि तिला दुपारची बॅच आली आहे.